ट्रॉलीच्या चाकातला नंबर

सांगली-सातारा भागातली उसाची ट्रॉली बऱ्याचदा गावाजवळच्या वर्कशॉपमध्येच तयार होते. चॅनेल आणि अँगल सांगलीच्या नाहीतर कराडच्या लोखंडवाल्याकडून येतात. आख परवडला तर नवा, नाहीतर मोडीत निघालेल्या ट्रॉलीचा. हबचंही तसंच: कधी नवे बिडाचे, कधी जुन्या ट्रकचे. मालक लांबी-रुंदी-उंची सांगतो, फॅब्रिकेशनवाला जमिनीवर खडूनं माप आखतो आणि वेल्डिंगला सुरुवात होते. या ट्रॉलीचा ना नकाशा असतो, ना सुट्या भागांचं पुस्तक. पुढं दोन-चार हंगामांनी एखाद्या चाकातून घरघर ऐकू येते, हब उघडला जातो, काळ्या ग्रीसमध्ये रोलरचे तुकडे सापडतात आणि दुकानात प्रश्न विचारला जातो, ‘ह्यात कुठलं बेअरिंग बसतंय?’

या प्रश्नाला उत्तर असतंच. ट्रॉलीत बाकी सगळं कारागिराच्या मनाच्या मापानं बनतं, पण बेअरिंग कुणालाच मनाच्या मापानं बनवता येत नाही. जयपूरला बनलेलं असो की जपानमध्ये, एका नंबरचं बेअरिंग जगभर एकाच मापाचं असतं. वर्कशॉपवाल्यानं आख कुठूनही आणलेला असला, तरी त्याच्या टोकाला लेथवर कुणीतरी कुठल्यातरी ठरावीक बेअरिंगचं माप धरूनच कट मारलेला असतो. ते माप ओळखता आलं की अनोळखी ट्रॉली ओळखीची होते.

आधी चाकात काय चालतं ते पाहू. जुन्या लाकडी बैलगाडीत चाकाचा तुंबा लोखंडी आखावर घासत फिरायचा आणि मध्ये वंगणाशिवाय दुसरं काही नसायचं. रोलर आले तेव्हा घासण्याच्या जागी लोळणं आलं. पण सरळ दंडगोल रोलर वरून येणारं वजन पेलतो, बाजूचा रेटा त्याला पेलत नाही. आणि गाडी वळली, चाकोरीत कलली की बाजूचा रेटा येतोच. अमेरिकेत सेंट लुईसला घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिम्केननं यावर निमुळते रोलर वापरायचा मार्ग काढला आणि १८९८ साली त्याचं पेटंट मिळवलं. बाजारात ज्याला ‘टेपर बेअरिंग’ म्हणतात ते हेच. आखावर बसते ती आतली रिंग म्हणजे कोन. तिच्याभोवती जाळीत अडकवलेले निमुळते रोलर. हबमध्ये ठोकून बसवलेली बाहेरची रिंग म्हणजे कप. या तिन्हींचे उतार असे आखलेले असतात, की त्यांच्या रेषा वाढवत नेल्या तर त्या आखाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात. त्यामुळंच रोलर वजनही घेतो, बाजूचा रेटाही घेतो आणि तरी न घसटता लोळत राहतो. मात्र एक टेपर बेअरिंग एकाच बाजूचा रेटा अडवतं. म्हणून प्रत्येक हबमध्ये दोन असतात, एकमेकांच्या उलट तोंडांनी बसवलेली. ट्रॉलीच्या पोटाकडचं सहसा मोठं असतं, कारण चाकाचं वजन त्याच्या जवळून खाली उतरतं. टोपीकडचं लहान.

आता वजनाचा हिशेब. चार चाकांच्या ट्रॉलीत दहा टन ऊस धरू, ट्रॉलीचं स्वतःचं वजन दोन टन. म्हणजे चाकामागं तीन टन, तेही रस्ता सपाट असला तर. ९.००-१६ च्या टायरचा व्यास सुमारे ९० सेंटिमीटर, परीघ २.८ मीटरच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला साडेतीनशे फेरे. ताशी २० किलोमीटरनं जाणाऱ्या ट्रॉलीचं चाक मिनिटाला १२० फेरेसुद्धा धड घेत नाही. हमरस्त्यावर ताशी ८० नं पळणाऱ्या मोटारीचं चाक याच्या सहापट फिरतं. ट्रॉलीचं बेअरिंग वेगानं मरत नाही हे यातून समजतं, आणि दुसरीही गोष्ट समजते: इतक्या सावकाश फिरणारा हब हाताला चटका देत असेल, तर आत नक्की काहीतरी बिघडलेलं आहे.

वजन मात्र बेअरिंगला सोडत नाही. स्वीडनच्या लुंडबर्ग आणि पामग्रेन या दोघांनी १९४७ मध्ये बेअरिंगच्या आयुष्याचं जे गणित मांडलं, त्याच धाग्यावर आजही बेअरिंग निवडली जातात. रोलर बेअरिंगसाठी ते असं सांगतं, की वजन दुप्पट केलं तर आयुष्य निम्मं होत नाही, एक दशांश होतं. दीडपट वजनाला आयुष्य पावभर उरतं. नुसतं वीस टक्के जादा भरलं तरी जवळजवळ निम्मं गेलं. साखराळे, कुंडल, वाळवा, रेठरे अशा कारखान्यांच्या वाटेवर एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, वर मोळ्यांचा डोंगर, हे दृश्य हंगामभर दिसतं. खेपेमागं टनभर जास्त ऊस नेल्यानं मिळालेलं भाडं पुढं हबमध्ये परत जातं, आणि चाक निखळलं तर रस्त्यावर दुसऱ्या कुणाचा जीवही जातो. याबद्दल मला कुठलीच सवलत द्यावीशी वाटत नाही.

वरचं गणित स्वच्छ ग्रीसमध्ये फिरणाऱ्या बेअरिंगचं आहे, आणि आपल्या ट्रॉलीला स्वच्छता कुठली? पाणी दिलेल्या काळ्या रानातून ती ओढून काढायची, ओढ्यातून न्यायची, मग चार-सहा महिने उघड्यावर उभी. कृष्णा-वारणेच्या काठावर तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुराचं पाणी गावांत शिरलं, तेव्हा हबपर्यंत बुडालेली ट्रॉली जागची हलवता आली नाही. असं पाणी सीलमधून आत जातं आणि तिथंच राहतं. वरून धुऊन काढलेली ट्रॉली चांगली दिसते. आत प्रत्येक रोलर जिथं टेकलेला असतो तिथं कपवर गंजाची एकेक आडवी रेघ उमटते. पुढच्या हंगामात त्याच रेघांवरून टवके उडायला लागतात. पुरात उभी राहिलेली ट्रॉली हंगामाला जुंपण्याआधी चारही हब उघडून पाहावेत, चाक वाजत नसलं तरीही.

बिघाड ओळखायची रीत सोपी आहे. ट्रॉली रिकामी करून सपाट जागी उभी करायची, बाकीच्या चाकांना दगड लावायचे, आखाखाली जॅक आणि जॅकशिवाय पक्का ओंडका. नुसत्या जॅकवर हात घालू नये. टायर वर आणि खाली धरून हलवलं की खेळ जाणवतो. मग चाक हातानं फिरवून दुसरा हात आखावर ठेवायचा. चांगल्या बेअरिंगची जाणीवच होत नाही, खराब झालेलं खरखरतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हबला आणि मूठ कानाला लावून ऐकणारे जुने मिस्त्री दोन बेअरिंगांपैकी कोणतं गेलं हेही सांगतात.

उघडायला बाहेरची टोपी काढायची, स्प्लिट पिन सरळ करून ओढायची, नट आणि वॉशर काढायचा; हब थोडा हलवला की बाहेरचं बेअरिंग हातात येतं. मग हब ओढून काढायचा. आतल्या बाजूचं बेअरिंग सीलमागं अडकलेलं असतं, सील उचकटल्यावर ते निघतं. सील पुन्हा वापरायचं नसतंच. पण फेकण्याआधी त्याच्यावरचे आकडे टिपून घ्यावेत: शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, याच क्रमानं ते छापलेले असतात.

आता नंबर. बेअरिंग डिझेलमध्ये किंवा रॉकेलमध्ये धुऊन, पुसून वाळवायचं. कॉम्प्रेसरच्या हवेनं ते गरगर फिरवायची अनेकांना सवय असते. तुटक्या जाळीतला रोलर गोळीसारखा उडू शकतो, म्हणून ते करू नये. कोनच्या जाड बाजूच्या कडेवर आणि कपच्या कडेवर आकडे कोरलेले असतात. गंजानं पुसट झाले असतील तर वर खडू घासून बोटानं पुसायचं, खाचांत पांढरा भरतो. तिरप्या उजेडात धरलं तरी दिसतात.

समजा ३०२१० असं सापडलं. पहिला ३ म्हणजे टेपर रोलर. शेवटचे दोन आकडे पाचानं गुणले की आतल्या भोकाचं माप: १० गुणिले ५, म्हणजे ५० मिलिमीटर. तसंच ३०२०८ चं भोक ४० चं, ३२२११ चं ५५ चं. मधले दोन आकडे रुंदी आणि बाहेरच्या व्यासाची मालिका सांगतात, आणि इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. ३०२१० आणि ३२२१० या दोन्हींचं भोक ५०, बाहेरचा व्यास ९०. दोन्ही एकाच हबमध्ये, एकाच आखावर बसतात. पण पहिल्याची रुंदी २१.७५ मिलिमीटर, दुसऱ्याची २४.७५. दुकानात एक नाही म्हणून दुसरं आणलं, तर तीन मिलिमीटरच्या फरकानं नट पिनच्या भोकापर्यंत पोहोचत नाही किंवा भोकाच्या पुढं जातो, सील जागा सोडतं, आणि ‘बसलं की’ म्हणत ट्रॉली रस्त्याला लागते. ३०३१० घेतलं तर भोक तेच ५०, पण बाहेरचा व्यास ११०. ते हबमध्ये जाणारच नाही. पाचही आकडे जुळले पाहिजेत.

नंबर पार गेला असेल तर व्हर्नियर कॅलिपर घ्यायचा आणि कोनचं भोक, कपचा बाहेरचा व्यास, कोनची रुंदी, कपची रुंदी आणि दोन्ही एकत्र बसवल्यावरची एकूण रुंदी घ्यायची. आखाचं माप घेऊन त्यावरून बेअरिंग ठरवणं धोक्याचं, कारण आख झिजलेला असू शकतो. कोन फुटून गेला असेल तर आखावर कोन ज्या पायरीला टेकतो तिच्याजवळची न झिजलेली पट्टी मोजावी. भोक ३५, ४०, ४५ अशा पाचाच्या पटीत आलं नाही तर घाबरायचं कारण नाही, ते इंची मापाचं असणार. ४४.४५ मिलिमीटर म्हणजे पावणेदोन इंच, ३१.७५ म्हणजे सव्वा इंच. इंची बेअरिंगच्या नंबरात पाचाचा पाढा चालत नाही, शिवाय कोनचा नंबर वेगळा आणि कपचा वेगळा असतो. ४४.४५ च्या एका प्रचलित जोडीत कोन २५५८० आणि कप २५५२०. म्हणून दोन्ही नंबर टिपायचे. एकाच आखाच्या दोन टोकांना दोन वेगळे नंबर निघाले तरी आश्चर्य नको. भंगारातून जोडलेल्या ट्रॉलीत तेही घडतं. प्रत्येक चाक स्वतंत्र मोजावं.

नवं आणायच्या आधी जुनं बेअरिंग वाचावं. पुष्कळ ठिकाणी नेमकं हेच राहून जातं आणि तेच चाक पुढच्या वर्षी पुन्हा उघडावं लागतं. ट्रॉलीत आख स्थिर असतो आणि हब फिरतो. त्यामुळं वजन कोनच्या खालच्या बाजूवरच सतत येतं, कप मात्र फिरत असल्यानं त्याच्यावर सगळीकडून येतं. कोनच्या खालच्या बाजूलाच टवके उडाले असतील तर ती वजनाची खूण. कप आणि रोलरवर सगळीकडं बारीक खड्डे दिसले तर ग्रीसमध्ये माती होती. रोलरांच्या अंतरावर गंजाच्या रेघा असतील तर पाणी. रोलरांची जाड टोकं ओरबाडलेली आणि धातू तपकिरी किंवा निळा पडलेला असेल तर नट फार आवळला होता किंवा ग्रीस संपलं होतं. पोलाद निळं व्हायला तीनशे अंशांच्या जवळपास उष्णता लागते, आणि तेवढी खाल्लेल्या बेअरिंगचा कणखरपणा गेलेला असतो.

आणखी एक कारण खास घरगुती ट्रॉलीचं. साटा फुटला, हूक तुटला की तिला जागेवरच वेल्डिंग केलं जातं, आणि अर्थिंगचा चिमटा सोयीनं दुसऱ्या टोकाला, कधी चाकाच्या डिस्कला लावला जातो. वेल्डिंगचा करंट मग बेअरिंगमधून वाट काढतो आणि रोलर जिथं टेकतात तिथं सूक्ष्म ठिणग्यांनी डाग पाडतो. पुढं तिथूनच झीज सुरू होते. चिमटा नेहमी वेल्डिंगच्या जागेशेजारी, स्वच्छ घासलेल्या लोखंडाला लावायचा.

जुना कप हबमधून काढायला मागून मऊ लोखंडाच्या छिन्नीनं आळीपाळीनं दोन्ही बाजूंनी ठोकायचं. हट्टी कपसाठी मिस्त्र्यांची एक युक्ती खरोखर शास्त्रशुद्ध आहे: कपच्या आतल्या पृष्ठभागावर गोल वेल्डिंगची धाव मारायची. थंड होताना वेल्डिंग आकसतं, कपला आत ओढतं, आणि तो आपोआप सुटतो. नवा कप बसवताना जुना कप कड घासून वर ठेवायचा आणि त्याच्यावर ठोकायचं, म्हणजे घाव नव्यावर येत नाही. कप पूर्ण टेकला की ठोक्याचा आवाज बदलून भरीव येतो. नवा कोन आणि जुना कप अशी जोडी कधीही लावू नये. जुन्या कपवर दुसऱ्याच रोलरांची झीज उतरलेली असते.

कप हबमध्ये घट्टच हवा. तो बोटानं फिरत असेल तर हब गेला. कोनचं उलटं आहे: स्थिर आखावर तो हातानं सरकेल इतपत बसतो, पण डुगडुगता कामा नये. इथं आख झिजला असेल तर सेंटर पंचानं त्याच्यावर टिंबं मारून तो फुगवायचा प्रकार सर्रास चालतो. मला तो पूर्णपणे चुकीचा वाटतो. कोन त्या टिंबांच्या टोकांवर उभा राहतो, आणि वजन आलं की ती टोकं दबतात. वेल्डिंगचा थर चढवून लेथवर कट मारणं त्याहून बरं, पण गरम न करता केलेल्या वेल्डिंगनं पोलादाला चीर जाऊ शकते. झीज जास्त असेल तर टोकच, ज्याला इथं स्टब म्हणतात ते, हबसकट नवं घ्यावं. ते जोडल्यावर ट्रॉलीच्या हूकपासून आखाच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप लावून अंतर सारखं आहे ना ते पाहावं. पुढच्या आखाला वळणारी चकरी असलेल्या ट्रॉलीत, चकरी सरळ ठेवून पुढच्या-मागच्या आखांमधले दोन्ही कर्ण मोजावेत. स्टब जरा जरी तिरका बसला तर नवी बेअरिंग आणि टायर दोन्ही एका कडेनं खाल्ले जातात.

नुसता हबच बदलायचा असेल तर दोन्ही कपांच्या जागांचे व्यास, त्या जागांमधलं अंतर, सीलची जागा आणि डिस्कचं मधलं भोक जुळलं पाहिजे. बोल्टांचं वर्तुळ सहा किंवा आठ बोल्टांत समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात. पाच बोल्ट असतील तर समोर बोल्ट नसतो. तिथं शेजारच्या दोन बोल्टांचं अंतर ०.५८८ नं भागलं की वर्तुळाचा व्यास मिळतो.

ग्रीस बाहेरून फासून चालत नाही. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगचं जाड टोक त्यात दाबत राहायचं, दुसऱ्या टोकानं रोलरांमधून ग्रीस बाहेर येईपर्यंत. एपी-३ नावानं मिळणारं लिथियमचं ग्रीस या कामाला चालतं. जुन्या वेगळ्या जातीच्या ग्रीसवर नवं भरू नये, मिसळून ते पातळ होऊ शकतं. हबची पोकळी गच्च भरायची नाही, निम्म्यापर्यंत पुरे.

शेवटी नट, आणि माझ्या मते सगळ्या कामातला हाच नाजूक भाग. ‘घट्ट केलं म्हणजे सुटणार नाही’ हा हिशेब टेपर बेअरिंगला लागू नाही. चाक फिरवत फिरवत नट पान्यानं चांगला आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग तो पूर्ण सैल करायचा. परत नुसत्या बोटांनी टेकवायचा, आणि पिनचं भोक जुळत नसेल तर जवळच्या भोकापर्यंत मागं घ्यायचा, पुढं नाही. राहिलेला खेळ केसाच्या जाडीएवढा असावा. मग नवी स्प्लिट पिन. जुनी वाकवून पुन्हा घालण्यात वाचतं ते किती? रिकामी ट्रॉली काही किलोमीटर फिरवून हबवर हात ठेवायचा. कोमट चालेल, चटका नको. पहिल्या भरलेल्या खेपांनंतर खेळ आणि चाकाचे नट पुन्हा तपासायचे.

या सगळ्याला वेळ दसऱ्याच्या सुमारास असतो. खंडेनवमीला ट्रॅक्टर-ट्रॉली धुऊन पुजली जाते आणि तोडी अजून सुरू झालेल्या नसतात. हंगामात तेच काम रस्त्याच्या कडेला, ऊस भरलेल्या ट्रॉलीखाली, रात्री करावं लागतं. तोडलेला ऊस तोवर वाळत असतो आणि काट्यावर वजन घटतं.

आणि हब बंद केल्यावर, रंगाचा ब्रश हातात असतानाच, आखाच्या आतल्या बाजूला चारही चाकांचे नंबर रंगवून ठेवावेत: मोठं बेअरिंग, लहान बेअरिंग, सील, बसवल्याचा महिना-साल. रंग चिखलात टिकणार नाही असं वाटलं तर आकड्यांच्या पंचानं पत्र्याच्या पट्टीवर उठवून ती चॅसीला रिव्हेटनं ठोकावी.